हळू, आत कोणी झोपलंय

आमच्या अंधेरीच्या घरमालकांनी आम्हाला जागा दिली, ती आई भांडते म्हणून.

बाबा जागा विचारायला गेले तेव्हा आई, दादा आणि मी त्यांच्या मागे उभे होतो. मालक ओट्यावर पाय सोडून बसले होते. अंगात बंडी, डोक्यावर काळी टोपी. बाबा कुठे नोकरीला आहेत, आधीची जागा का सोडली, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "घरात आवाज किती असतो?"

"आवाज अजिबात नाही," बाबा अभिमानाने म्हणाले. "आमची माणसं शांत आहेत."

"मुलं?"

"मान वर करून बोलत नाहीत."

"बायको भांडते?"

"छे छे!"

"मग नाही जमायचं," म्हणत मालक उठलेच. बाबा बघतच राहिले. तेवढ्यात आई पदर सावरून पुढे आली. "कोण म्हणतं भांडत नाही? कालच चांगली खडाजंगी झाली आमची. आणि हा मुलगा पाढे म्हणतो ते नाक्यावर ऐकू येतात."

मालकांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "वरची जागा तुमची."

दुमजली घर होतं. खाली मालक एकटे, वर आम्ही, आणि मागच्या अंगाला एक गुजराती कुटुंब. पुढे चिकूची झाडं, विहीर, आणि कुंपणापलीकडे भाताची खाचरं. त्या काळची अंधेरी अशीच होती. दिवेलागणीनंतर रस्त्यावरून घोडागाडी गेली तर तिच्या चाकांचा आवाज दूरपर्यंत ऐकू यायचा आणि मग सगळं इतकं निवांत व्हायचं की कान दडपायचे.

मालकांना तो निवांतपणा सोसत नसे. बाहेर जाताना ते रेडिओ मोठ्याने लावून जात आणि कुलूप घालत. रिकाम्या खोलीत बाजारभाव आणि भजनं चालू असायची. विहिरीवर आले की बादली मुद्दाम दगडावर आपटायचे. आमच्याकडे सामसूम झाली की खालून हाक यायची, "काय हो, मेलात की काय सगळे?" मग आई दोनचार भांडी उगाचच आपटायची.

दादाने एकदा विचारलं, "मालक, तुम्हाला गोंगाट कशाला हो आवडतो?"

"शांत घरात माणसाला आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटतो," ते म्हणाले. "तुझ्या वयात नाही कळायचं."

ते गोदीत कारकून होते आणि निवृत्त होऊन दोनएक वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. मे महिन्यात, गणपतीत, आजूबाजूचे सगळे ट्रंका बांधून कोकणात जायचे. मालक मात्र कधी हलले नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "मला गावच नाही." हे ते इतक्या सहज म्हणायचे की विचारणाराच ओशाळायचा. कुठल्याशा घाटाखालच्या खेड्यात जन्मले, आईबाप तान्हेपणीच गेले आणि पुढे हे काका, ते मामा, आणखी कोणाची तरी चुलत आत्या अशा फेऱ्यांत वाढले, एवढंच आईने त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. भाडेकरू कितीही तापदायक असला तरी मालकांनी कधी कोणाला जागा खाली करायला सांगितलं नाही. मागचे गुजराती शेटजी तर स्वतःच म्हणायचे, "हा माणूस घरमालक व्हायच्या लायकीचा नाय."

त्यांची टोपी डोक्यावरून उतरलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. दादा तर पैज लावायचा की ते टोपी घालूनच आंघोळ करतात.

त्या दिवाळीत आईचा भाऊ आला नाही. त्याची बदली लांब झाली होती. भाऊबीजेच्या सकाळी आई जरा हिरमुसली होती. मग एकदम उठली, खाली गेली आणि म्हणाली, "मालक, वर या. पाट मांडलाय."

मालक आले. टोपीसकट पाटावर बसले. आईने ओवाळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू काही चोरताना पकडले गेलेत. खिसे चाचपले, उठले, परत बसले. "ताई, ओवाळणी म्हणून काय देऊ?" ते म्हणाले. त्या दिवसापासून आई त्यांची 'ताई' झाली. "मुलांना ती मायानगरी दाखवू? सगळेच जाऊ."

दादा आणि मी तर नाचायलाच लागलो. कारण त्या मायानगरीने आठवडाभर आमची झोप उडवली होती. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सिनेमाचा स्टुडिओ बंद पडला होता. तो कोणा ठेकेदाराने सुट्टीपुरता घेऊन त्यात देखावे उभे केले होते. घोडागाडीत भोंगा लावून एक माणूस रोज ओरडत फिरायचा, "पाताळात उतरा! राक्षसाच्या पोटातून चाला! इंद्राच्या दरबारात बसा! बघायचं नाय, आत शिरायचं!" ते 'आत शिरायचं' माझ्या डोक्यात बसलं होतं. आजवर जे पाहिलं ते लांबून, रांगेत, कोणाच्या तरी खांद्यावरून. आता आत शिरायचं होतं.

दुपारी आम्ही गेलो. नव्या कपड्यांत, आईच्या पिशवीत चकल्या घेऊन. दारावर एक किडकिडीत माणूस हातात टॉर्च घेऊन उभा होता. तोच आम्हाला आत घेऊन गेला.

पाताळ म्हणजे निळा रंग दिलेलं कापड. पंख्याच्या वाऱ्यावर कागदी मासे हलत होते, त्यातले निम्मे गळून पडलेले. शेषनागाची एक फणा मोडली होती आणि आतलं गवत दिसत होतं. राक्षसाचं तोंड दोरी ओढली की उघडायचं होतं, पण दोरी तुटलेली. आम्ही वाट बघत उभे राहिलो तेव्हा राक्षसाच्या मागे कोणीतरी जोरात शिंकलं. आईला हसू आवरेना. इंद्राच्या दरबारात अप्सरा म्हणून कापडदुकानातल्या दोन बाहुल्या होत्या. त्यांच्या साड्या मात्र बऱ्या होत्या. दादा सिंहासनावर बसायला धावला तर टॉर्चवाला ओरडला, "बसू नको रे, पाय मोडलाय त्याचा!"

"वाट लागली," दादा म्हणाला.

"संपलं?" बाबांनी विचारलं.

"संपलं. पुढे चला, पुढून बाहेर जायची वाट."

मला रडूच यायला लागलं. रडू नये म्हणून मी मालकांकडे पाहिलं. आम्हाला हौसेने आणणारे तेच होते, बिचारे ओशाळले असतील असं वाटलं. पण ते छान हसत होते. "सगळं खोटं!" ते मला म्हणाले. "एक भिंत खरी नाही, बघ." आणि इंद्राच्या दरबारावर त्यांनी टिचकी मारली. ढब्ब असा आवाज झाला.

बाहेर जायची वाट एका मोठ्या अंधाऱ्या शेडमधून होती. तिथे जुन्या कुठल्या तरी सिनेमासाठी उभारलेलं एक घर तसंच पडून होतं. राजवाडा वगैरे नाही, साधं कोकणातलं घर. ओटी, माजघर, आणि माजघरातून आतल्या खोलीत जायचं दार. त्या दाराला जुना पडदा लावलेला. छपराच्या जागी वर शेडचे पत्रे.

"हे शोमध्ये नाय," टॉर्चवाला म्हणाला. "ह्याला बाजूने वळसा घाला."

आम्ही वळसा घातला. मालकांनी घातला नाही.

ते ओटीसमोर थांबले. चपला काढल्या आणि पायरी चढून वर गेले. ओटीवरून माजघरात आले आणि चालता चालता डोक्यावरची टोपी काढून, मागे न बघता, दाराआडच्या खुंटीला अडकवली. तिथे खुंटी आहे हे आम्हाला टोपी अडकल्यावर दिसलं. त्यांचं पांढरं, विरळ केसांचं डोकं पहिल्यांदाच उघडं दिसलं आणि मला ते बघू नये असं वाटलं.

"मालक?" बाबांनी हाक मारली.

मालकांनी वळून ओठांवर बोट ठेवलं. "हळू," ते म्हणाले. "आत कोणी झोपलंय."

हे त्यांनी मोठ्या आवाजात म्हटलं असतं किंवा वेड्यासारखे डोळे करून म्हटलं असतं तर आम्ही घाबरलो असतो आणि प्रश्न मिटला असता. त्यांनी ते अगदी घरगुती सुरात म्हटलं. दुपारी पाहुणे आले की यजमान म्हणतो तसं. आणि झालं काय, आम्ही सगळे खरोखरच गप्प झालो. बाबांनी बुटांचा आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलल्या. आईने बांगड्या मनगटावर मागे सारल्या. टॉर्चवाल्याने टॉर्च खाली जमिनीकडे वळवला आणि तोही चवड्यांवर चालायला लागला. पडदा हलत नव्हता. मी त्याच्याकडे बघत बघत बाहेर आले.

बाहेर लख्ख ऊन होतं. दादा मागून धावत आला. तो पलीकडच्या बाजूने डोकावून आला होता. "आत काही नाही गं," तो मला म्हणाला. "खोलीच नाही. बांबूंचे टेकू आणि अंधार." पण हे तो कुजबुजत म्हणाला आणि आपण का कुजबुजतोय ते त्यालाही कळेना.

मालक बऱ्याच वेळाने बाहेर आले. टोपी डोक्यावर होती. आम्हाला भाजलेले शेंगदाणे घेऊन दिले. 

त्या संध्याकाळी रेडिओ लागला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. विहिरीवर बादली आपटली नाही. दादा जिन्यावरून धडधडत उतरला तर खालून मालक हळूच म्हणाले, "अरे, जरा सांभाळून. झोपमोड होते." ज्या माणसाने भांडण्याच्या बोलीवर जागा दिली, त्याच्या घरात आम्ही कुजबुजायला लागलो. आईने भांडी घासताना राख जास्त घ्यायला सुरुवात केली, आवाज कमी होतो म्हणून. मागच्या शेटजींची बायको आईला म्हणाली, "मला वाटतं आपण सगळे कोणाच्या तरी खोलीत घुसून राहिलोय." रोज दुपारी मालक स्वच्छ धोतर नेसून मायानगरीत जात आणि दिवे लागायच्या वेळेला परत येत. टॉर्चवाला आता त्यांना अडवत नव्हता.

एकदा विहिरीवर आई त्यांच्याशी बोलली. मी कपडे पिळत होते.

"मालक, तिथे कोण आहे?" तिने सरळ विचारलं.

"ताई, मला वेड लागलेलं नाही," मालक म्हणाले. "ती फळी आहे, मला कळतं. टिचकी मारली तर वाजेल. पण घरात कोणी झोपलेलं असलं की पाऊल टाकताच कळतं की नाही? घोरणं ऐकू यायला लागत नाही."

"कळतं," आई म्हणाली.

"तसं कळलं."

"मग आत जाऊन बघायचं एकदा. मनाची खात्री होते."

"आणि जाग आली तर?" त्यांनी दोर हातातून सोडला. "लहानपणी मी ज्या घरात असायचो तिथे पाहुणे आले की मला झोपेतून उठवायचे. ऊठ रे, जागा दे. कधी ओटीवर निजवायचे, कधी शेजाऱ्यांकडे पाठवायचे. डोळे उघडले की कुठल्या घरात आहोत तेच कळायचं नाही. झोपलेल्याला उठवणं मला नाही जमायचं, ताई. कोणी का असेना."

 आईने बादली उचलली आणि आम्ही वर आलो. त्या दिवशी तिने आमटीत दोनदा मीठ घातलं.

मायानगरी चालली नाही. चालणार कशी? जो एकदा गेला तो दहा जणांना जाऊ नका म्हणून सांगायचा. दिवाळीची सुट्टी संपता संपता भोंगा बंद झाला. एका दुपारी दादा बाहेरून धावतच आला. "आई, स्टुडिओत तोडफोड चाललीये. सगळं लाकूड विकलं म्हणे. आणि मालक तिथे बसलेत. कामगारांना हात लावू देत नाहीत. ठेकेदार पोलिसांना बोलवीन म्हणतोय."

बाबा कचेरीत होते. आईने शेगडीवरचं भांडं उतरवलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल गं."

आम्ही पोचलो तेव्हा पाताळ संपलं होतं. निळं कापड गुंडाळून ठेवलं होतं. राक्षसाचं डोकं आभाळाकडे तोंड करून अंगणात पडलं होतं. मोठ्या शेडमध्ये ओटी मोडली होती, पण माजघर उभं होतं आणि आतल्या दाराच्या पडद्यासमोर मालक मांडी घालून बसले होते. टोपी खुंटीवर होती. हातोडे घेतलेले चार मजूर उभे होते. मालक ओरडत नव्हते, शिव्या देत नव्हते. ओठांवर बोट ठेवून नुसते बघत होते, आणि ते दांडगे मजूरही आपसांत हळू आवाजात बोलत होते. ठेकेदार तेवढा तणतणत होता.

"बाई, तुमचे कोण हे?" त्याने आईला विचारलं.

"भाऊ," आई म्हणाली.

"मग घेऊन जा ना! उचलून बाहेर फेकायला लावू काय? म्हातारा माणूस आहे म्हणून थांबलोय."

आईने मालकांकडे पाहिलं. मला वाटलं आता ती मालकांना समजावेल, नाहीतर चांगली झापेल. तिने चपला काढल्या. मालकांना वळसा घालून गेली आणि पडदा बाजूला करून आत शिरली.

मालक दचकले. उठायला गेले, पण उठले नाहीत.

पडदा परत सरळ झाला. आत तिच्या बांगड्या वाजल्या. मग आवाज आला. तो आवाज मला चांगला ठाऊक होता. थंडीच्या दिवसांत शाळेसाठी उठवताना ती आमच्या कपाळावर हात ठेवून त्याच आवाजात बोलायची.

"उठायचं ना?" आई आत म्हणाली. "हळूहळू उठा. घाई नाही. आपल्याच घरी जायचंय."

 ठेकेदारसुद्धा गप्प झाला होता.

पडदा सरला आणि आई बाहेर आली. तिचा डावा हात अंगापासून जरासा लांब, कोपरात वाकलेला होता. कोणाला तरी धरून आणावं तसा. ती अगदी सावकाश चालत होती. मालकांसमोर येऊन म्हणाली, "चला मालक. झाली तयारी."

मालक उठले. खुंटीवरची टोपी घेतली. ती डोक्यावर घातली नाही, हातात धरली. आणि बाजूला सरले. एकट्या बाईला जायला वाट द्यावी तेवढे नव्हे, अंग चोरून चांगले दोन पावलं मागे सरले. मजुरांनीही वाट दिली.

आम्ही घराकडे निघालो. उन्हं कलली होती. मी आईच्या डाव्या बाजूला गेले तर तिने मला उजव्या हाताने अलीकडे ओढलं. "इकडून चल," ती म्हणाली. मी इकडून चालले. मला भीती वाटत होती, पण आई भीत नव्हती हेही दिसत होतं, त्यामुळे नक्की कशाला भ्यायचं ते कळेना.

मालकांनी कुलूप काढलं. आई दारात थांबली. "सांभाळून," ती म्हणाली, "उंबरा उंच आहे." मग तिचा हात खाली आला. तिने तो पदराला पुसला, मालकांना म्हणाली, "रात्री भात वरून पाठवते," आणि जिना चढून वर येऊन शेगडी पेटवायला बसली.

बाबा आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "तू पण काय गं!"

"मग काय करायला हवं होतं?" आई म्हणाली. "चार माणसांनी त्यांना उचलून रस्त्यावर टाकलेलं बघायचं होतं?"

यावर त्यांचं चांगलं भांडण झालं. मोठ्याने. खालून कोणी 'हळू' म्हटलं नाही.

त्यानंतर मालक बरीच वर्षं होते. वागायला पहिल्यासारखे झाले असं म्हणता येणार नाही. रेडिओ लावायचे, पण बातम्यांपुरता. आम्ही ओरडलो तरी चालायचं, गप्प बसलो तरी चालायचं. पुढच्या मे महिन्यात शेटजींनी सहज विचारलं, "कुठे गावाला?" तर म्हणाले, "घर टाकून कुठे जाणार?" त्यांच्या खोलीत आईखेरीज कोणी फारसं जात नसे. ती सांगायची की खोली बाईमाणसाच्या हातची असावी इतकी नीट आहे. ते गेले तेही भर दुपारी, खुर्चीत, निजलेल्या माणसाची झोप मोडू नये अशा बेताने. भाऊबीज चार दिवसांवर आली होती. आई रडली ती भाऊ गेल्यासारखी.

हे सगळं मी कित्येक वर्षांनी आईकडे काढलं. तोवर माझं लग्न होऊन मी मुलुंडला राहत होते आणि आई माझ्याकडे आली होती. आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो.

"त्या दिवशी तू झकास नाटक केलंस हं," मी म्हटलं. "मला तर खरंच वाटलं होतं."

"नाटकच करायला गेले होते मी," आई म्हणाली. "म्हटलं, आत दोन मिनिटं थांबायचं, काहीतरी बोलायचं आणि बाहेर यायचं."

"मग?"

तिने हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली. "आत एक गोणपाट अंथरलेलं होतं. अंधारात माझा पाय लागला म्हणून खाली वाकून हात लावला. ते ऊबदार होतं. आणि उशाकडे ओलं."

शेजारच्या पडवीत कोणाचा तरी रेडिओ चालला होता. तो बंद झाला.

"कुत्रं बसून गेलं असेल," मी म्हटलं.

"हो, कुत्रंच असेल," आई म्हणाली. "रडून उशी ओली करायला कोण असणार तिथे?"